शरणपूरची आफ्रिकन शाळा

सायखेड्याहून नाशिकला गेलेल्या माणसाचा पाय शरणपूर रोडवर पडतोच. दवाखाना, बँक, मुलांचे क्लास, लग्नाची खरेदी, काहीतरी काम तिथे निघतेच. पण या रस्त्याला ज्या वस्तीचे नाव आहे, त्या वस्तीत एके काळी एक शाळा होती आणि तिथे शिकणारी बरीच मुले आफ्रिकेतून आलेली होती, हे आपल्या तालुक्यात फारसे कुणाला ठाऊक नाही. धर्मसंस्थेने चालवलेल्या एखाद्या जुन्या खाजगी शिक्षणसंस्थेचा इतिहास द्या, असे स्मरणिकेच्या संपादक मंडळाने सुचवले, तेव्हा आज नावारूपाला असलेल्या संस्था बाजूला ठेवून मी ही बंद पडलेली संस्था निवडली. चालू संस्थांचे इतिहास त्यांच्या त्यांच्या अहवालांत छापून येतात. बंद पडलेल्या संस्थेची स्मरणिका काढायला मागे कुणी उरत नाही.

हकिगत १८३२ पासून सुरू होते. पेशवाई जाऊन चौदा वर्षे झाली होती. चर्च मिशनरी सोसायटी ही लंडनमध्ये १७९९ साली स्थापन झालेली अँग्लिकन संस्था १८२० पासून मुंबईत काम करत होती. तिने आता नाशिकला ठाणे केले. गोदाकाठचे क्षेत्र, वेदशास्त्रसंपन्न मंडळींचे गाव, बारा वर्षांनी येणारा सिंहस्थ. अशा ठिकाणी परक्या धर्माच्या प्रचारकांनी बिऱ्हाड करणे सोपे नव्हते. पहिल्या मंडळींत चार्ल्स पिनहॉर्न फॅरर होते. शाळा निघाल्या, मुले शिकायलाही येऊ लागली, पण धर्म बदलणारे बोटांवर मोजण्याइतकेच निघाले. आणि जो बदले त्याचे घर सुटे, पाणवठा सुटे, बापजाद्यांचा धंदाही सुटे. त्याला पोसायचे कुणी आणि त्याने राहायचे कुठे, हा प्रश्न मिशनसमोर होता.

त्याचे उत्तर विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये शोधले. शहराबाहेर जमीन घेऊन त्यांनी नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी स्वतंत्र गाव वसवले, तेच शरणपूर. राहायला घरे, कसायला जमीन, शिकायला शाळा आणि हाताला काम म्हणून कारखाना. कारखाना म्हणजे सुतारकाम, लोहारकाम, गवंडीकाम शिकवणारी जागा. प्राइस हे धर्मोपदेशक असले तरी हिशेबी गृहस्थ असावेत. दानावर जगणारी वस्ती फार काळ टिकत नाही, हे त्यांच्या आखणीत दिसते. मिशनच्या पगारावर बसलेले ख्रिस्ती त्यांना नको होते. मेहनतीवर उभे राहणारे हवे होते. ते किती साधले, हा वेगळा प्रश्न.

इथे जर्मन मंडळींबद्दल सांगितले पाहिजे, कारण त्यांच्याशिवाय पुढची गोष्ट घडलीच नसती. सोसायटी इंग्रजांची असली तरी सुरुवातीच्या काळात परदेशी जायला तिला पुरेसे इंग्रज मिळत नव्हते. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या सेमिनरीतून ती तरुण घेई. तिथे ल्यूथरी आणि रिफॉर्म्ड अशा दोन्ही प्रॉटेस्टंट परंपरांतली, बहुतेक जर्मन भाषिक मुले तयार होत. मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ मध्ये रोमच्या चर्चशी वाद मांडला, तेव्हापासून या मंडळींचा एक आग्रह होता: प्रत्येक माणसाला आपल्या भाषेत धर्मग्रंथ वाचता आला पाहिजे. धर्माच्या पोटातच शाळा आली ती अशी. चर्च बांधले की शेजारी शाळा, आणि शाळा काढली की त्या मुलखाच्या भाषेचे व्याकरण आणि कोश, हा त्यांचा शिरस्ता होता.

कार्ल विल्हेल्म इझेनबर्ग हे त्यांतलेच एक. जर्मनीतल्या बार्मेन गावचे, जन्म १८०६चा. सोसायटीने त्यांना ॲबिसिनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात पाठवले. तिथे त्यांनी अम्हारिक भाषेचा कोश रचला; तो १८४१ मध्ये छापला गेला. तिथल्या राजकारणाने त्यांना त्या देशातून काढले आणि ते मुंबईला आले. ज्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे आफ्रिकेच्या भाषांत घातली, त्याच्या हाती मुंबईत आफ्रिकन मुले पडावीत हा योगायोगच. ॲबिसिनियातले त्यांचे सोबती योहान लुडविग क्राप्फ हे व्युर्टेम्बर्गच्या ल्यूथरी घरातले. ते पुढे मोंबासाजवळ गेले आणि तिथे त्यांना योहानेस रेबमान हे आपल्याच मुलखातले साथीदार मिळाले. किलिमांजारोच्या माथ्यावरचे बर्फ १८४८ मध्ये पाहून युरोपला कळवणारे ते हेच रेबमान. विषुववृत्तावर बर्फ कुठले, म्हणून लंडनच्या भूगोलतज्ज्ञांनी त्यांची टर उडवली होती. क्राप्फ, रेबमान आणि इझेनबर्ग ही तीन नावे लक्षात ठेवावीत. नाशिक आणि मोंबासा यांच्यामधला पूल या तिघांच्या ओळखीवर उभा राहिला.

मुले कुठून आली? इंग्लंडने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये कायद्याने बंद केला, पण पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे माणसे भरून जाणारी गलबते थांबली नव्हती. झांजिबार हा त्या व्यापाराचा मोठा बाजार होता. ब्रिटिश आरमाराची जहाजे अरबी समुद्रात अशी गलबते पकडत आणि सोडवलेली माणसे मुंबई बंदरात उतरवत. त्यांत लहान मुले पुष्कळ. त्यांचे गाव कुठले, आईबाप कोण, हे कुणालाच ठाऊक नसे. मुलांना सांगता आले तरी ऐकणाऱ्याला ती भाषा समजत नसे. सरकारने काही मुले घराघरांत नोकर म्हणून दिली, काही मिशनांकडे सोपवली. मुंबईतल्या मुलांचा सांभाळ काही वर्षे इझेनबर्ग करत होते. पुढे ही मुले शहरात ठेवण्यापेक्षा शरणपूरला शेती आणि कारागिरी शिकवावी असे ठरले आणि १८६० च्या सुमारास तिथे ‘आफ्रिकन असायलम’ सुरू झाले. थळ घाटातून रेल्वे १८६५ मध्ये धावू लागली. त्याआधी आलेली मुले घाट चढून आली ती बैलगाडीने आणि पायी.

दिवसाची विभागणी सरळ होती: काही वेळ पुस्तक, काही वेळ हत्यार. बायबल आणि लिहिणे-वाचणे, मग सुतारशाळा नाहीतर भट्टी नाहीतर मळा. भाषांचा मामला मात्र विलक्षण होता. मुलांची मूळ भाषा हळूहळू मागे पडली. आजूबाजूला मराठी आणि हिंदुस्तानी, वर्गात इंग्रजी. वर्षा-दोन वर्षांत ती मराठी मुलांत मिसळून मराठी बोलू लागली असणार. शाळेच्या आवारात दुसरे काय होणार? आपल्याकडे वाडी-वस्तीवरची मुले शाळेत आली की पहिले सहा महिने गप्प असतात आणि सातव्या महिन्यात वर्ग डोक्यावर घेतात. शरणपूरच्या मास्तरांचाही अनुभव याहून वेगळा नसावा.

नावांची गोष्ट मला सर्वांत लक्षणीय वाटते. बाप्तिस्म्याच्या वेळी या मुलांना नवी नावे मिळाली: रिचर्ड इझेनबर्ग, सायमन प्राइस, कॅरस फॅरर. संस्थेच्या चालकांची आडनावे विद्यार्थ्यांना लागली. काहींना मिळालेले रटन हे आडनाव रतनजींवरून आले असावे. रतनजी नवरोजी हे पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले गृहस्थ या मिशनचे कार्यकर्ते होते आणि पुढे औरंगाबादेकडे त्यांनी काम केले. म्हणजे बेंजामिन रटन हे नाव पाहिले तर एका आफ्रिकन मुलाच्या नावात इंग्रजी बायबल आणि गुजराती पारशी असे दोन्ही बसलेले आहेत. पुढे ही नावे मध्य आफ्रिकेतल्या जंगलात गेली. आपण संस्थापकांची नावे इमारतींना देतो. शरणपूरच्या संस्थापकांची नावे माणसांना मिळाली आणि माणसे चालती झाली. अर्थात, आईने ठेवलेले नाव कुणी विचारून लिहून ठेवले का, हा प्रश्न उरतोच.

पहिली दोन माणसे १८६४ मध्ये निघाली: विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर. मोंबासाजवळच्या राबाईत रेबमान जवळजवळ एकटे होते. त्यांच्या मदतीला ही नाशिकची माणसे गेली. नाशिकचेच जॉर्ज डेव्हिड यांनीही पुढे तिकडेच काम केले. इझेनबर्ग यांचे त्याच वर्षी जर्मनीत निधन झाले. आपण वाढवलेली मुले आपल्या जुन्या सोबत्यांनी उभ्या केलेल्या मिशनमध्ये रुजल्याचे त्यांना बघायला मिळाले नाही.

मग डेव्हिड लिव्हिंग्स्टन आले. नाईलचा उगम शोधायच्या शेवटच्या मोहिमेसाठी ते १८६६ च्या जानेवारीत मुंबईहून झांजिबारला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर शरणपूरचे नऊ तरुण होते. शिवाय मुंबईच्या मरीन बटालियनचे तेरा शिपाई, जोहाना बेटावरची दहा माणसे, आणि चुमा, सुसी वगैरे जुने सोबती. शरणपूरच्या मुलांबद्दल लिव्हिंग्स्टन यांनी डायरीत काही गौरवाने लिहिलेले नाही. आळशी आहेत, ओझे टाकून देतात, शिपायांच्या नादी लागतात, अशा तक्रारीच जास्त. स्मरणिकेत असे लिहू नये असा संकेत असतो. पण तक्रार करणारा कोण आणि कशाबद्दल करतो तेही बघावे. सुतारकाम आणि बायबल शिकलेल्या शहरी मुलांना उपाशीपोटी रानातून ओझी वाहायला लावले, तर ती कुरकुरणारच. त्यांतला रिचर्ड पहिल्याच वर्षी वाटेत वारला. काही जण मध्येच सोडून गेले. शिपाई परत फिरले, जोहानाची माणसे पळाली आणि लिव्हिंग्स्टन मेले अशी थाप त्यांनी झांजिबारला मारली. एडवर्ड गार्डनर, अब्राहम परेरा आणि नथॅनिएल माब्रुकी हे शरणपूरचे तिघे मात्र वर्षानुवर्षे टिकले.

दुसरी तुकडी १८७२ ची. लिव्हिंग्स्टन यांचा शोध लागत नाही म्हणून लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने मदत मोहीम काढली, तिच्यासाठी शरणपूरहून सहा तरुण झांजिबारला गेले: जेकब वेनराइट, जॉन वेनराइट, कॅरस फॅरर, मॅथ्यू वेलिंग्टन, रिचर्ड रटन आणि बेंजामिन रटन. तोपर्यंत अमेरिकन वर्तमानपत्राचे बातमीदार स्टॅन्ली यांनी लिव्हिंग्स्टन यांना गाठले होते, त्यामुळे मोहीम बारगळली. मात्र स्टॅन्ली यांनी परत येऊन जी माणसे आणि सामान आत पाठवले, त्यांत हे सहा जण होते. १८७२ च्या ऑगस्टमध्ये ते उन्यान्येंबेला लिव्हिंग्स्टन यांना जाऊन मिळाले.

पुढच्या मे महिन्याच्या सुरुवातीला आजच्या झांबियातल्या चितांबो या गावी लिव्हिंग्स्टन वारले. जवळ एकही गोरा माणूस नव्हता. काय करायचे ते या माणसांनीच ठरवले. काळीज आणि आतडी झाडाखाली पुरली, देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापड आणि झाडाची साल गुंडाळून बांधला. हे काम करताना कॅरस फॅरर मदतीला होते. सामानाची यादी जेकब वेनराइट यांनी केली, कारण तुकडीतले लिखाणाचे काम त्यांच्याकडे होते. दफनाच्या वेळची प्रार्थना इंग्रजीतून त्यांनीच वाचली. त्या झाडाच्या खोडावर त्यांनी लिव्हिंग्स्टन यांचे नाव, तारीख आणि म्होरक्यांची नावे कोरली. त्यांत स्वतःचे नाव घातले नाही. खोडाचा तो तुकडा पुढे कापून लंडनला नेला आणि रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने जपून ठेवला.

मग देह घेऊन समुद्राकडे चालणे. अंतर हजार मैलांहून अधिक, वाटेत आजार, मृत्यू, गावकऱ्यांशी झटापट. प्रेत घेऊन जाणाऱ्यांना गावे वाट देत नसत. उन्यान्येंबेला त्यांना लेफ्टनंट कॅमेरॉन भेटले. ते इंग्लंडहून नवी मदत मोहीम घेऊन आले होते. देह इथेच पुरा, असा त्यांचा सल्ला होता. तुकडीने तो मानला नाही. आरमारी अधिकाऱ्याचे न ऐकणारी ही माणसे कालपर्यंत आळशी म्हणून नोंदली गेली होती! १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोहोचले.

किनाऱ्यावर देह इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि वाहून आणणारे बहुतेक जण तिथेच मोकळे केले गेले. चर्च मिशनरी सोसायटीने खर्च केला म्हणून जेकब वेनराइट जहाजाने बरोबर जाऊ शकले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला मान देणाऱ्या आठ जणांत स्टॅन्ली यांच्याबरोबर शरणपूरचा हा विद्यार्थी होता. आठ वर्षांनी, १८८२ मध्ये, याच ॲबीत चार्ल्स डार्विन यांचे दफन झाले. त्यांच्या शवपेटीच्या मानकऱ्यांत कॅनन फ्रेडरिक फॅरर होते, आपल्या नाशिकच्या चार्ल्स फॅरर यांचे चिरंजीव. नाशिकच्या मिशनमधल्या मास्तराचा मुलगा आणि नाशिकच्या मिशनमधला विद्यार्थी, दोघांच्या वाट्याला एकाच ठिकाणी एकच मान यावा, ही गोष्ट जिल्ह्याच्या इतिहासाच्या पुस्तकात मी अजून छापलेली पाहिली नाही.

वेनराइट यांनी या प्रवासाची रोजनिशी ठेवली होती. ती पहिल्यांदा छापली गेली जर्मनमध्ये, १८७४ मध्येच, पेटरमान यांच्या भूगोलविषयक नियतकालिकात. मूळ इंग्रजी हस्तलिखित पूर्ण स्वरूपात लोकांसमोर यायला २०१९ उजाडले. नाशिकला शिकलेल्या इंग्रजीत लिहिलेली ती रोजनिशी लिव्हिंग्स्टन यांच्या शेवटच्या यात्रेचा प्रत्यक्ष साक्षीदाराने त्या त्या दिवशी लिहिलेला वृत्तान्त म्हणून आज अभ्यासक वाचतात. वेनराइट १८९२ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या उरांबो इथे वारले.

आता संस्थेच्या शेवटाकडे. सर बार्टल फ्रियर १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते. १८७२ मध्ये त्यांना झांजिबारला पाठवले गेले आणि १८७३ मध्ये तिथला गुलामांचा बाजार तहाने बंद झाला. आता मोकळे होणारे लोक ठेवायचे कुठे? मुंबईला कशाला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसाहत करू, आणि ती चालवायला नाशिकला तयार झालेली माणसे आहेतच, असा हिशेब झाला. प्राइस यांनाच हे काम दिले गेले. १८७५ मध्ये मोंबासा बेटासमोर मुख्य भूमीवर फ्रियर टाउन उभे राहिले आणि शरणपूर व मुंबईची सुमारे दीडशे आफ्रिकन माणसे तिथे गेली. सुतार गेले, लोहार गेले, मास्तर गेले. तिकडे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. मोंबासात आजही त्या भागाला केंगेलेनी म्हणतात, कारण तिथे फ्रियर टाउनची घंटा आहे. स्वाहिलीत घंटेला केंगेले म्हणतात.

आणि इकडे असायलम रिकामे झाले. अवघ्या पंधरा वर्षांत.

याच काळातल्या दुसऱ्या दोन संस्था शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या जर्मन ल्यूथरी लोकांच्या सिनडने १८३० मध्ये पाद्री तयार करायची एक छोटी शाळा काढली. ती कोलंबस शहरात आली आणि १८५० मध्ये तिला विद्यापीठाची सनद मिळाली. तेच आजचे कॅपिटल युनिव्हर्सिटी. नॉर्वेहून आलेल्या ल्यूथरी शेतकऱ्यांनी विस्कॉन्सिनमध्ये १८६९ साली काढलेले ऑग्सबर्ग १८७२ मध्ये मिनिआपोलिसला गेले, तेही आज विद्यापीठ आहे. दोन्ही खाजगी, दोन्ही धर्मसंस्थेच्या पोटी जन्मलेली, दोन्ही सुरुवातीला शरणपूरइतकीच किंवा त्याहून गरीब. मग ती दीडशे वर्षांवर टिकली आणि शरणपूर पंधरा वर्षांत का संपले?

माझ्या मते कारण मास्तरांत नाही, पैशांतही नाही, मालकीत आहे. ओहायोतल्या शेतकऱ्याने कणगीतले धान्य विकून वर्गणी दिली ती आपल्या मुलासाठी. सिनड म्हणजे त्याच्याच गावच्या चर्चांचा संघ, सभेला तो स्वतः किंवा त्याचा शेजारी बसत असे. शरणपूरचे निर्णय लंडनच्या समितीत होत, पैसा इंग्लंडच्या देणगीदारांचा आणि मुंबई सरकारचा, आणि विद्यार्थी ज्यांना परतायला घर नाही असे. नाशिकच्या कुणाचाच त्या शाळेत जीव गुंतलेला नव्हता. लंडनने धोरण बदलले आणि मुले उचलून नेली, तेव्हा शाळा वाचवा म्हणायला गावात कुणी नव्हते. १९१४ मध्ये नाशिकलाच मराठा विद्या प्रसारक समाज निघाला. सत्यशोधक विचारांच्या शेतकरी पुढाऱ्यांनी काढलेला, आणि आपल्या निफाड तालुक्याचे गणपतदादा मोरे, काकासाहेब वाघ यांच्यासारख्यांनी पुढे वाढवलेला. त्याच्या बोर्डिंगसाठी गावोगाव धान्य आणि पैसे गोळा झाले, आणि राजर्षी शाहू महाराज १९२० मध्ये कोनशिला बसवायला आले. ती संस्था आज कुठवर गेली ते आपण रोज पाहतो. ओहायोच्या ल्यूथरी शेतकऱ्याचे आणि निफाडच्या शेतकऱ्याचे गणित इथे एकच होते.

मात्र एवढे म्हणून शरणपूरला अपयशी ठरवायला माझे मन घेत नाही. संस्था इथे संपली तरी तिचे काम दुसरीकडे चालू राहिले, आणि ते चालकांना झेपेना इतके चालले. विल्यम जोन्स यांचेच बघा. राबाईत त्यांच्याकडे पळून आलेले गुलाम आसऱ्याला येऊ लागले. किनाऱ्यावरचे मालक चिडले. मिशनच्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाही हे प्रकरण नको होते, कारण कायद्याने तो गुलाम दुसऱ्याची मालमत्ता होता. जोन्स यांनी आसरा दिला. कालचा गुलाम दुसऱ्याला परत धाडणार कसा? शेवटी १८८९ च्या सुरुवातीला तिथल्या ब्रिटिश व्यापारी कंपनीने मालकांना भरपाई दिली आणि राबाईच्या परिसरातले सुमारे १४०० पळालेले गुलाम कायद्याने मोकळे झाले.

त्याआधी १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर या दोघांना दीक्षा देऊन डीकन केले होते. त्याच वर्षी हॅनिंग्टन मसाई मुलखातून युगांडाकडे निघाले, जोन्स बरोबर. तळ सांभाळायला जोन्स यांना मागे ठेवून बिशप पुढे गेले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस बुसोगात मारले गेले. उरलेला काफिला जोन्स यांनी शेकडो मैल चालवत १८८६ च्या फेब्रुवारीत राबाईला परत आणला. अशा माणसाला मिशनमध्ये गोऱ्यांच्या बरोबरीची वागणूक मिळाली का? नाही मिळाली. पगार आणि अधिकार यांवरून ‘बॉम्बे आफ्रिकन’ मंडळी आणि इंग्रज मिशनरी यांच्यात खटके उडत राहिले. लिहिता-वाचता येणारा, हत्यार चालवणारा, तीन-चार भाषा बोलणारा आफ्रिकन माणूस त्यांना सहन होईना. शरणपूरने जो माणूस घडवला तो शरणपूर चालवणाऱ्या सोसायटीलाच जड झाला. शाळेचे काम नीट झाले होते, असे मी यावरून समजतो.

नाशिकच्या बाजूची पुढची हकिगत थोडक्यात सांगता येईल. शरणपूर ख्रिस्ती वस्ती म्हणून राहिले. १९२९ मध्ये नाशिकचा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत झाला आणि फिलिप लॉइड पहिले बिशप म्हणून आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा हा प्रांत तिच्यात सामील झाला. शहर वाढले, आणि वस्तीभोवतीच्या मोकळ्या जागा दुकाने आणि इमारतींनी भरल्या.

सोसायटीची कागदपत्रे आज इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. जोन्स, सेमलर, डेव्हिड यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली पत्रे त्यांत आहेत. आफ्रिकेचे अभ्यासक ती वाचत आले आहेत, आणि लंडनला २००७ मध्ये ‘बॉम्बे आफ्रिकन’ लोकांवर प्रदर्शनही झाले. मराठीत मात्र या मुलांवर फार थोडे लिहिले गेले. १८७२ साली निघालेल्या सहा जणांपैकी मॅथ्यू वेलिंग्टन सर्वांत दीर्घायुषी ठरले. लिव्हिंग्स्टन यांचा देह वाहून नेणाऱ्यांतला हयात माणूस म्हणून म्हातारपणी लोक त्यांना मुद्दाम भेटायला जात. १९३५ मध्ये ते मोंबासाला वारले.